मेडिकेअरची मुदत हुकली, आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा मे २०१९मध्ये ग्रीन कार्डावर अमेरिकेत आले. बाबा आता ७२ वर्षांचे आहेत, आई ६९ची. तुमच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात पालकांनाही घेता येत होतं, म्हणून दोघं त्यात होते. ३१ डिसेंबर २०२५ला कंपनीने ती सोय बंद केली. एचआरने पूर्वी सांगितलं होतं की आमचा विमा आहे तोवर मेडिकेअरची, म्हणजे मुख्यतः ६५च्या पुढच्यांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याची, गरज नाही. आता एक ओळखीचे म्हणतात, मुदत २०२४मध्येच गेली, जन्मभर दंड भरावा लागेल. दुसरे म्हणतात, इथे नोकरी केली नाही त्यांना मेडिकेअर मिळतच नाही. खरं काय, आणि आता काय करायचं?

सर्वात आधी हे वाचा आणि मग पुढचं: जानेवारी २०२६ चालू आहे, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. ज्यांची पहिली मुदत हुकली त्यांच्यासाठी दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च हा सर्वसाधारण नावनोंदणीचा काळ असतो. या महिन्यात अर्ज केलात तर १ फेब्रुवारीपासून पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टर-तपासण्यांचा भाग, लागू होईल. २०२३पूर्वी मार्चमध्ये अर्ज केलेल्याचा विमासुद्धा १ जुलैला सुरू व्हायचा. मधले महिने माणसं जीव मुठीत धरून काढायची. तो नियम बदलला. आता अर्ज केल्यानंतरच्या महिन्याच्या १ तारखेला विमा सुरू होतो. म्हणून मार्चअखेरपर्यंत थांबू नका. जानेवारीत अर्ज केला काय आणि मार्चमध्ये केला काय, तुमच्या बाबतीत दंड तेवढाच राहणार आहे; पण सत्तरीच्या दोन माणसांना दोन महिने विम्याशिवाय ठेवण्याचं काही कारण नाही.

मी सतरा वर्षं शिपच्या सल्ला-टेबलावर बसते. शिप म्हणजे स्टेट हेल्थ इन्शुरन्स असिस्टन्स प्रोग्रॅम. प्रत्येक राज्यात तो आहे, सल्ला फुकट मिळतो आणि तिथे बसणारा माणूस तुम्हाला कुठलीही पॉलिसी विकत नाही. आपल्या मराठी घरांतून येणारे निम्मे प्रश्न तुमच्यासारखेच असतात, आणि त्यातला गोंधळ एकाच जागी सुरू होतो: मेडिकेअर हा नोकरीचा मोबदला आहे की वयाचा हक्क?

थोडं दोन्ही आहे. १९६५मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्यातून ही योजना आली आणि तेव्हापासूनच तिचे दोन वेगळे पाय आहेत. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचा खर्च. तो नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या करातून चालतो, म्हणून ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या जोडीदाराने ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी केली आहे, त्यांना पार्ट एचा प्रीमियम पडत नाही. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, दाखल न होता घेतलेले उपचार. त्याचा प्रीमियम सगळ्यांनाच भरावा लागतो, आणि तो मिळण्यासाठी नोकरीची अट नाही. ६५ पूर्ण असलेल्या ग्रीन कार्डधारकाने अमेरिकेत सलग पाच वर्षं वास्तव्य केलेलं असलं की तो पार्ट बी घेऊ शकतो, आणि पैसे भरून पार्ट एसुद्धा. म्हणजे दुसऱ्या ओळखीच्यांचं म्हणणं चूक आहे. मुलाची किंवा मुलीची क्रेडिट मात्र आई-बाबांना उपयोगी पडत नाहीत, कितीही वर्षं कर भरला असला तरी. आणि भारतातली नोकरी, प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन यातलं काहीही इथे मोजलं जात नाही, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा तसा करार नाही. बाबांची पस्तीस वर्षांची सरकारी नोकरी इथल्या हिशेबात शून्य धरली जाते. हे ऐकताना वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो. दरवेळी ते सांगणं मलाही जड जातं.

आता पहिल्या ओळखीच्यांचं म्हणणं. मुदत २०२४मध्ये गेली, हे बरोबर आहे. ग्रीन कार्डावर "रहिवासी केव्हापासून" ही तारीख छापलेली असते, ती काढून पाहा. मे २०१९ असेल तर पाच वर्षं मे २०२४ला भरली. पहिली मुदत सात महिन्यांची असते: पात्रतेच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन. तुमच्या घरी ती फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२४ अशी होती. पासष्टीचा वाढदिवस इथे गैरलागू आहे, कारण पासष्टी पार झाली तेव्हा पाच वर्षं भरायची होती. बऱ्याच घरांत बाबा आल्याआल्या ६५चे असतात आणि सगळे घाबरतात की दंड तेव्हापासून चढत असेल. नाही, पात्रच नव्हते त्या महिन्यांचा दंड कुणी लावत नाही.

दंड असा मोजतात. पहिली मुदत संपल्यापासून नाव नोंदवेपर्यंत जितके महिने गेले, त्यातली पूर्ण बारा-बारा महिन्यांची वर्षं किती ते पाहायचं, आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला प्रीमियमच्या १० टक्के. सप्टेंबर २०२४पासून जानेवारी २०२६पर्यंत १७ महिने होतात, मार्चपर्यंत १९. दोन्हीकडे पूर्ण वर्ष एकच, म्हणून दंड १० टक्के. २०२६चा पार्ट बीचा सर्वसाधारण प्रीमियम महिना २०२ डॉलर ९० सेंट आहे. त्यावर दंडाचे २० डॉलर ३० सेंट. एकेकाचे महिना २२३ डॉलर २० सेंट. ही संधीसुद्धा सोडली आणि २०२७च्या जानेवारी-मार्चमध्ये गेलात, तर दोन पूर्ण वर्षं भरतील आणि दंड २० टक्के होईल. हा दंड पार्ट बी आहे तोवर, म्हणजे बहुतेक आयुष्यभर राहतो, आणि तो त्या त्या वर्षीच्या प्रीमियमवर मोजला जात असल्याने प्रीमियम वाढला की तोही वाढतो.

असा दंड का, असं बाबा विचारतील. विमा आजारी पडल्यावरच घ्यायचा असं सगळ्यांनी ठरवलं तर पैसे भरणारं कुणी उरणार नाही. म्हणून वेळेत येणाऱ्यांच्या तुलनेत उशिरा येणाऱ्याकडून थोडं जास्त घेतात. त्यामागचं कारण मला पटतं. माहिती न पोचलेल्या म्हातार्‍या माणसांनाही तोच नियम लावला जातो, हे मात्र मला कधीच पटलेलं नाही.

पण दंडाच्या आकड्याकडे पाहा: वर्षाला माणशी सुमारे २४४ डॉलर. अमेरिकेत रुग्णवाहिकेची एक फेरी याच्यापेक्षा महाग पडते. माझ्या टेबलावर आलेल्यांपैकी ज्यांचं सर्वात जास्त नुकसान झालं ते दंड भरणारे नव्हते. "दंड बसतोय ना, मग राहू दे" म्हणून बाहेर राहिलेले होते. एक आजोबा चार वर्षं असे थांबले होते. ऑक्टोबरमध्ये छातीत दुखायला लागलं तेव्हा जानेवारीपर्यंत कुठलंही दार उघडं नव्हतं. त्यांच्या मुलाने अँजिओग्राफीची आणि नंतरच्या स्टेंटची बिलं हप्त्यांनी फेडली, आणि वर चार वर्षांचा ४० टक्के दंड शेवटी बसायचा तो बसलाच. म्हणून दंडाला घाबरून अर्ज लांबवू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

आता तुमच्या कंपनीच्या विम्याकडे येते, कारण इथे तुमची फसगत झाली आहे आणि इथेच कदाचित सुटकाही आहे.

नोकरीतून विमा असेल तर मेडिकेअर पुढे ढकलता येतं, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण त्यात कुणाची नोकरी हे महत्त्वाचं आहे. ६५च्या पुढच्या माणसाच्या बाबतीत फक्त त्याची स्वतःची किंवा त्याच्या जोडीदाराची चालू नोकरी धरतात. मुलाची धरत नाहीत. ज्यांना हे माहीत नसतं ते एचआरकडून सीएमएस-एल५६४ हा नोकरीच्या विम्याचा फॉर्म भरून घेतात, सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात नेतात, आणि तिथे नातं पाहून अर्ज परत येतो. तुम्ही त्या फॉर्ममागे वेळ घालवू नका.

पण तुम्ही लिहिलंय की एचआरने सांगितलं होतं, गरज नाही. हे तोंडी होतं की लेखी? जुनी ईमेल चाळा. विमा निवडायच्या काळात पाठवलेली माहितीपत्रकं, कंपनीच्या चॅटमधले संदेश, विमा कंपनीच्या प्रतिनिधीचं उत्तर, सगळं चाळा. १ जानेवारी २०२३पासून एक खास सवलत आहे: माणसाला त्याच्या ग्रुप विम्याकडून, मालकाकडून किंवा त्यांच्या एजंटकडून चुकीची माहिती मिळाली आणि त्यामुळे तो वेळेत नाव नोंदवू शकला नाही, तर त्याला वेगळी मुदत मिळते आणि त्या वाटेने आलेल्याला उशिराचा दंड लागत नाही. फॉर्मचा नंबर सीएमएस-१०७९७. लेखी पुरावा असेल तर हा अर्ज जरूर करा. नसेल तर एचआरला आज साधी, शांत ईमेल लिहा: अमुक साली तुम्ही आम्हाला असं सांगितलं होतं, ते खरं आहे का, कृपया कळवा. चिडून लिहू नका. चिडलेल्या ईमेलला कंपनीचा वकील उत्तर देतो, आणि त्यातून हाताला काही लागत नाही.

या सवलतीच्या निर्णयाची वाट पाहत मात्र बसू नका. दोन्ही कागद एकाच दिवशी द्या: सर्वसाधारण काळातला अर्ज आणि खास मुदतीचा अर्ज. दंडासकट विमा सुरू झाला तरी हरकत नाही. दंडाचं पत्र आल्यापासून ६० दिवसांत फेरविचाराची मागणी करता येते, तीच ईमेल तेव्हाही कामाला येते. चुकीची माहिती सोशल सिक्युरिटीच्या किंवा मेडिकेअरच्या माणसानेच दिली असेल तर त्यासाठी आणखी एक वाट आहे, पण तिथे कोणत्या दिवशी, कोणाशी, काय बोलणं झालं हे विचारतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक वही करायला सांगते. फोन केला की तारीख, वेळ, समोरच्याचं नाव आणि तो काय म्हणाला ते लिहायचं. सतरा वर्षांत या वहीने जितकी माणसं सोडवली तितकी कुठल्या नियमाने सोडवलेली मी पाहिली नाहीत.

आता सर्वात अवघड भाग, पार्ट ए. बी घ्यायचाच, त्यात माझ्या मनात शंका नाही. ए घ्यायचा का, हे मात्र बसून ठरवावं लागेल, कारण तुमच्या आई-बाबांना तो विकत घ्यावा लागणार. २०२६मध्ये ३०पेक्षा कमी क्रेडिट असलेल्याला पार्ट ए महिना ५६५ डॉलरला पडतो. वर्षाहून जास्त उशीर झाल्यामुळे त्यावरही १० टक्के दंड, म्हणजे ६२१ डॉलर ५० सेंट. इथे दंड जन्मभराचा नाही. जितकी पूर्ण वर्षं उशीर झाला त्याच्या दुप्पट वर्षं तो भरायचा, तुमच्या बाबतीत दोन वर्षं. ए आणि बी मिळून एकाचे ८४४ डॉलर ७० सेंट, दोघांचे महिना १,६८९ डॉलर ४० सेंट. हा आकडा पाहून बरीच घरं "फक्त बी घेऊ" म्हणतात.

फक्त बी घेता येतो. पण काय सुटतं ते पाहा. हॉस्पिटलात दाखल झाल्यावर डॉक्टरांची फी बीमधून मिळते, पण खाट, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर, आयसीयू यांचं हॉस्पिटलचं बिल एकट्या बीमधून मिळत नाही. त्यातच खरा पैसा असतो. शिवाय एकट्या बीवर मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे खाजगी कंपनीमार्फत मेडिकेअर देणारी योजना, घेता येत नाही आणि मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअर देत नाही तो वाटा भरणारी पॉलिसीही घेता येत नाही, दोन्हींना ए आणि बी दोन्ही लागतात. बीमध्ये वर्षाचे पहिले २८३ डॉलर आणि पुढचे २० टक्के तुमचे, आणि त्या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही.

दुसरा पर्याय म्हणजे मार्केटप्लेसचा विमा, म्हणजे सरकारने चालवलेल्या विमा-बाजारातून घ्यायचा खाजगी विमा. ज्यांना पार्ट ए फुकट मिळत नाही अशा ६५च्या पुढच्या ग्रीन कार्डधारकांना मेडिकेअर न घेता तो घेता येतो, आणि उत्पन्न बसत असेल तर सबसिडीही मिळते. त्यात हॉस्पिटलही येतं आणि वर्षाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते. कंपनीचा विमा गेला म्हणून तुम्हाला ६० दिवसांची खास मुदत आहे, ती १ मार्चच्या आसपास संपते. पण तुम्ही आई-बाबांना टॅक्समध्ये तुमच्यावर अवलंबून दाखवत असाल तर उत्पन्न तुमचं धरलं जाईल आणि सबसिडी बहुधा मिळणार नाही. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: मार्केटप्लेसचा विमा मेडिकेअरच्या दंडापासून वाचवत नाही. त्यात काढलेली वर्षं पार्ट बीच्या दंडात मोजली जातात.

माझं मत विचाराल तर या आठवड्यात तुमच्या पिनकोडाला आणि त्यांच्या वयाला मार्केटप्लेसचा पूर्ण भाव काढा, आणि तो ८४४ डॉलर ७० सेंटशेजारी ठेवा. त्या वयाला सबसिडीशिवायचा भाव पुष्कळदा ए-बीच्या बेरजेपेक्षा वरच जातो, आणि ए-बीवर तुमच्या भागातली शून्य प्रीमियमची ॲडव्हान्टेज योजना मिळू शकते, तिला खर्चाची मर्यादाही असते. पैशांची ओढाताण असेल तर दोघांसाठी वेगवेगळा निर्णय घ्यायला हरकत नाही. बाबांना मधुमेह आणि रक्तदाब, आईला काहीच नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. त्यांनी बाबांसाठी ए-बी घेतला, आईसाठी मार्केटप्लेस. पण आईच्या बीचा दंड पुढे चढत राहणार, हे समजून-उमजून तो निर्णय घेतलेला होता. "तिला काय होतंय" या भरवशावर तिच्यासाठी काहीच न घेणं, हा सल्ला मी कुणालाही देणार नाही. आपल्या घरांत आईचा विमा नेहमी दुसऱ्या नंबरला जातो. तो जाऊ देऊ नका.

खर्च झेपतच नसेल तर राज्याच्या मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅमची चौकशी करा. त्यात बसलं तर राज्य पार्ट बीचा प्रीमियम भरतं आणि उशिराचा दंडही जातो. त्यातल्या एका प्रकारात, क्यूएमबीमध्ये, पार्ट एचा प्रीमियमही राज्य भरतं. अडचण एकच: आई-बाबांना बोलावताना तुम्ही आय-८६४ या हमीपत्रावर सही केली आहे. ते नागरिक होईपर्यंत तुमचं उत्पन्न त्यांचं म्हणून मोजलं जाऊ शकतं. म्हणून शिपच्या माणसाला हमीपत्राची गोष्ट आधी सांगा. ग्रीन कार्डाची पाच वर्षं भरल्यामुळे नागरिकत्वाचा अर्जही आता करता येईल. तो निर्णय विम्यापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि आई-बाबांचाच आहे. पण विम्याच्या हिशेबातही त्याचा फरक पडतो, एवढं त्यांना सांगा.

औषधांच्या पार्ट डीबद्दल तुमच्यासाठी बातमी बरी आहे. ए किंवा बी सुरू झाल्याशिवाय डी घेताच येत नाही, त्यामुळे तुमच्या आई-बाबांवर डीचा दंड अजून चढलेला नाही. बीचा अर्ज केल्यापासून ते बी सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांपर्यंत डीची योजना निवडा. ॲडव्हान्टेज घेतलं तर बहुतेक वेळा औषधं त्यातच असतात. इथे चालढकल केलीत तर प्रत्येक महिन्याला १ टक्का, तोही जन्मभर. हा टक्का देशभरच्या आधार-प्रीमियमवर मोजतात, २०२६मध्ये तो ३८ डॉलर ९९ सेंट आहे. तीस महिने थांबलेल्याला महिना ११ डॉलर ७० सेंट. आपल्याकडे यात अडकतात ते भारतातून गोळ्या आणणारे: दरवेळी सहा महिन्यांच्या मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन बॅगेत, मग डी कशाला? आणि मग कधीतरी डॉक्टर कॅन्सरचं औषध लिहितात, जे बॅगेतून आणता येत नाही. डीमध्ये २०२६ला वर्षभराच्या औषधांचा स्वतःचा खर्च २,१०० डॉलरवर थांबतो आणि इन्सुलिन महिना ३५ डॉलरच्या वर जात नाही. सर्वात स्वस्त योजना घ्या, पण घ्या.

तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन पण वेगळ्या परिस्थितीत असलेले पुष्कळ असतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ज्यांनी स्वतः इथे नोकरी केली आहे त्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे कोब्रा. ६६व्या वर्षी नोकरी जाते, कंपनी कोब्राखाली, म्हणजे नोकरी गेल्यावरही स्वतः पैसे भरून विमा चालू ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, तोच विमा १८ महिने देते, कार्ड तेच, डॉक्टर तेच. माणसाला वाटतं विमा आहे. पण कोब्रा म्हणजे चालू नोकरीचा विमा नव्हे. नोकरी किंवा तिचा विमा, जे आधी संपेल, तेव्हापासून आठ महिने एवढीच दंडाशिवायची मुदत असते. माझ्याकडे एक गृहस्थ अठराव्या महिन्यात आले. मुदत दहा महिन्यांपूर्वीच संपली होती. वर विमा कंपनीने मागच्या काही बिलांचे भरलेले पैसे परत मागितले, कारण मेडिकेअरने आधी द्यायला हवं होतं आणि आम्ही नंतर, असं तिचं म्हणणं. निवृत्तांसाठी कंपनी देते तो विमाही असाच, आठ महिन्यांची मुदत थांबवत नाही. छोट्या कंपनीत, २०पेक्षा कमी माणसं असतील तिथे, काम करत असाल तर खास मुदत मिळते, पण विमा दुय्यम होतो. मेडिकेअर नसेल तर तो बिल नाकारू शकतो. तिथे ६५ला बी घ्याच. एचएसए, म्हणजे उपचारांच्या खर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात पैसे टाकणाऱ्यांनी मेडिकेअरचा अर्ज करण्याच्या सहा महिने आधी ते थांबवावं, कारण फुकटचा पार्ट ए सहा महिने मागपर्यंत लागू होतो.

आणि परत भारतात गेलेले. ४० क्रेडिट आहेत, निवृत्तीनंतर पुण्याला घर केलं, मेडिकेअर तिथे चालत नाही, मग बी का भरायचा? न भरलात आणि नऊ वर्षांनी नातवंडांसाठी परत आलात तर दंड ९० टक्के. भरलात तर नऊ वर्षं न वापरलेल्या विम्याचे पैसे. दोन्हींत तोटा आहे, पण कोणता तोटा हे परत यायची शक्यता पाहून ठरवा. सहा महिने इथे, सहा महिने तिथे असणाऱ्यांनी मात्र बी कधीही सोडू नये. एका जोडप्याने "निम्मं वर्ष तर असतोच तिकडे" म्हणून बी बंद केला, आणि इथे उतरल्यावर दुसऱ्या आठवड्यात आजी बाथरूममध्ये पडल्या.

आता कामाला लागा. ज्यांना पार्ट ए फुकट नाही त्यांचा पार्ट बीचा फॉर्म वेगळा असतो, सीएमएस-४०४०. इंटरनेटवर सगळीकडे सीएमएस-४०बी सापडतो, तो ए आधीच असलेल्यांसाठी आहे. तो भरून नेलात तर एक फेरी वाया जाते. पार्ट एही घ्यायचा असेल तर तसं तिथेच सांगा. सोशल सिक्युरिटीला १-८००-७७२-१२१३वर फोन करून भेटीची वेळ घ्या. दुभाषी हवा असेल तर तो फुकट मिळतो, तसं फोनवरच सांगा. बरोबर दोघांची ग्रीन कार्डं, सोशल सिक्युरिटी कार्डं, लग्नाचा दाखला आणि २०१९पासूनचे सगळे पासपोर्ट न्या, जुने रद्द झालेलेसुद्धा. पाच वर्षं सलग राहिल्याचं ते शिक्क्यांवरून पाहतील. मध्ये कोविडच्या काळात दोघं भारतात बराच काळ अडकले असतील तर त्या तारखा आणि विमानाची तिकिटं वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, कारण त्या प्रश्नावर अर्ज लांबतात. एका पासपोर्टवरचा शिक्का पुसट होता म्हणून एका काकूंचा अर्ज सात आठवडे अडला होता; शेवटी जुन्या ईमेलमधल्या बोर्डिंग पासने काम केलं.

विमा सुरू झाल्यावर बिल घरी टपालाने येईल, कारण आई-बाबांना सोशल सिक्युरिटीची पेन्शन नाही ज्यातून ते आपोआप कापलं जाईल. फक्त बी असेल तर तीन महिन्यांचं एकदम येतं, ए असेल तर दर महिन्याला. ते भारतात असताना हे पाकीट टपालपेटीत पडून राहतं, प्रीमियम थकतो, विमा बंद होतो आणि पुन्हा जानेवारीची वाट पाहावी लागते. पहिलं बिल आलं की मेडिकेअर इझी पेचा फॉर्म भरून बँकेतून थेट कापायला लावा, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता तुमचा द्या. ग्रीन कार्डावरच्या तारखेत मी धरलेल्या मे २०१९पेक्षा काही फरक निघाला, किंवा एचआरची ती ईमेल सापडली, तर अर्ज देण्याआधी मला कळवा. वरचे आकडे त्याप्रमाणे बदलतील.